शहाणे डावीकडे गेले

“तो लाल रंग काढा,” राजाध्यक्ष साहेब म्हणाले.

नियंत्रण कक्षाच्या भिंतीवर आमच्या महामार्गाचा नकाशा होता. बासष्ट किलोमीटरचा हिरवा पट्टा, आणि त्यात नव्या घाटाच्या तिसऱ्या वळणाशी बोटभर लाल. हिरवं म्हणजे गाड्या चालू, पिवळं म्हणजे रांगतायत, लाल म्हणजे उभ्या.

“साहेब, तो आम्ही रंगवलेला नाही,” हरेश शेडगे म्हणाला. “रस्त्याखाली तारा पुरल्यात, त्या गाड्या मोजतात. ट्रेलर आडवा झालाय, ट्रान्सफॉर्मर घेऊन चाललेला. क्रेन निघालीय. दोन तास लागतील.”

“दोन तासांनी मंत्री जेवायला बसलेले असतील. मी त्यांना काय दाखवू? कोंडी कमी करणाऱ्या यंत्रणेचं उद्घाटन, आणि पडद्यावर कोंडी?”

“उलट बरंच आहे की,” मी म्हणालो. “पेशंट नसेल तर डॉक्टरचं कौतुक कोण करणार?”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहताना ते नेहमी चष्मा काढत. मी धूसर दिसलेला त्यांना बरा वाटत असावा.

शनिवार होता, दुपारी साडेबारा वाजले होते, आणि सोमवारची सुट्टी जोडून आली होती. शहरातलं निम्मं माणूस हवा खायला घाटावर निघालं होतं. तेव्हा लोकांच्या फोनमध्ये नकाशे आलेले नव्हते. पुढे काय वाढून ठेवलंय हे कळायला त्यांना एकच जागा होती: रस्त्यावर कमानीसारख्या उभ्या असलेल्या आमच्या विजेच्या पाट्या. आणि त्या पाट्यांवर काय लिहायचं ते मी ठरवत होतो.

मी टिपणीस. वय त्रेपन्न, कंपनीच्या प्रसिद्धी विभागातून नको झालेला माणूस. तालुक्याच्या साप्ताहिकात मी विनोदी सदर लिहीत असे. त्यात एकदा कंपनीच्या खड्ड्यांवर लिहिलं, म्हणून मला शिक्षा म्हणून पाट्यांवर बसवलं. तीन ओळी, ओळीत जास्तीत जास्त दहा अक्षरं. ‘पुढे अपघात / वेग कमी / ठेवा.’ लेखकाला याहून कडक शिक्षा अजून कुणी शोधलेली नाही.

हरेश माझ्या शेजारच्या टेबलावर बसे. त्याच्याकडे वायरलेस, फोन आणि रुग्णवाहिका. वय एकोणतीस, डिप्लोमा झालेला, आणि यंत्रणेवर त्याची जी श्रद्धा होती ती मी देवळातही फार पाहिलेली नाही. पहिल्याच आठवड्यात त्याने मला डब्यातला मूठभर तांदूळ आणि कागदाचं नरसाळं घेऊन धडा दिला होता.

“काका, हे बघा. एकदम ओतला.” तांदूळ नरसाळ्याच्या तोंडाशी अडकून बसला. “आता हळूहळू ओततो.” सगळा सुळकन खाली आला. “तांदूळ तोच, भोक तेच. गाड्यांचं असंच असतं. मागच्यांना आधीच वेग कमी करायला लावला की पुढे कोंडी होतच नाही. तुमची पाटी म्हणजे ओतणारा हात आहे.”

“आणि तांदळाने ऐकलं नाही तर?”

“तांदूळ ऐकतो. माणसाचंच काय ते बघायला हवं.”

खरं सांगायचं तर उद्घाटन त्या दिवशी होतं तरी ती यंत्रणा सात वर्षं चालू होती, आणि चांगली होती. आधी ज्या घाटात रविवारी चार-चार तास लोक अडकत, तिथे आमच्या पाट्या लागल्यावर पाऊण तासात सुटू लागले. धुक्यात एकमेकांवर आदळणाऱ्या गाड्या थांबल्या. मी चेष्टा करायचो, पण रात्री झोप येताना वाटायचं, आपल्या तीन ओळींनी कुणीतरी धडपणी घरी पोचलं असेल. माझ्या सदराबद्दल असं कधी वाटलं नव्हतं.

घाटात जायला दोन रस्ते होते. टोलनाक्याच्या पुढे दोन किलोमीटरवर फाटा फुटे. उजवीकडे नवा घाट, सहापदरी. डावीकडे जुना घाट, दोन मोटारी अंग चोरून एकमेकींशेजारून जातील एवढा. नवा झाल्यापासून जुन्याकडे कुणी फिरकत नसे. आमच्या नकाशावरही तो नव्हता. तिथे ना मोजणाऱ्या तारा, ना कॅमेरे. निविदेत बसला नाही, म्हणून पडद्यावर त्या जागी नुसता करडा रंग होता.

त्या करड्या रंगात हरेशचं घर होतं. अर्ध्या घाटात, खिंडीच्या अलीकडच्या वळणावर त्याच्या थोरल्या भावाची, शांतारामदादाची टपरी होती. चहा, कांदाभजी, उकडलेल्या शेंगा. एके काळी तिथे एसट्या थांबत. नवा घाट झाला आणि टपरीपुढे कुत्रं उरलं. दादाने टपरी बंद केली नाही. रोज पहाटे उठून तो पीठ भिजवायचा, संध्याकाळी गाईला घालायचा.

मी दोन-तीनदा हरेशबरोबर तिकडे गेलो होतो. दादा मला ‘टिपणीससाहेब’ म्हणत आणि पैसे घेत नसत.

“टिपणीससाहेब, तुमच्या त्या पाटीवर एकदा लिहा ना, शांतारामची भजी गरम आहेत म्हणून.”

“ओळीत दहाच अक्षरं मावतात, दादा.”

“मग ‘भजी’ एवढंच लिहा. अकलेचा असेल तो वळेल.”

“शब्द दिला,” मी म्हणालो होतो. “एक दिवस तुमच्या दारात गाड्यांची रांग लावतो. कढई मोठी घेऊन ठेवा.”

दादा हसले. त्यांच्या बायकोने, शेवंतावहिनींनी, आतून ओरडून सांगितलं, “कढई घेऊ नका हो. ह्यांचं काय खरं नाही, हे पेपरात लिहितात.”

एवढी मागची गोष्ट. आता पुन्हा त्या शनिवारी.

सव्वा वाजता हरेशचा फोन वाजला. तो दोन-तीन वेळा ‘हो’ म्हणाला, मग उभा राहिला.

“वहिनी. दादाच्या छातीत कळ आलीय. घाम फुटलाय म्हणते, डावा हात धरून बसलाय.”

“रुग्णवाहिका?”

त्याने वायरलेस आधीच हातात घेतला होता. आमची रुग्णवाहिका नाक्यावर उभी असे, इस्माईल मुकादम चालवायचा. “इस्माईलभाई, जुन्या घाटात या. माझ्याच घरी. दादा आहे.” पलीकडून आवाज आला, “निघालो रे. वीस-पंचवीस मिनिटांत वर.”

हरेश खाली बसला, पुन्हा उठला. हृदयाचं हॉस्पिटल नाक्याजवळच्या गावात होतं. पंचवीस मिनिटं वर, तेवढीच खाली. अडीचच्या आत दादा डॉक्टरपुढे.

“मी जातो,” तो म्हणाला.

“शेडगे!” साहेब दारातून आत येत होते. मागे एक शिपाई, हातात निळे कोट. “हा चढवा. तुम्ही उंच आहात. गेटवर मंत्र्यांना पुष्पगुच्छ तुम्ही द्यायचा.”

“साहेब, माझ्या भावाला…”

“कळलं मला. गाडी पाठवलीत ना?”

“हो.”

“मग? इथे बसून तुम्ही त्याला इंजेक्शन देणार आहात का? दहा मिनिटांचं काम आहे. गाडी खाली आली की तुम्हीही हॉस्पिटलात जा, मी सोडतो.”

हरेशने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, “जा तू. मी लक्ष ठेवतो तुझ्या टेबलावर. जुना घाट मोकळा आहे. काळजी करू नकोस.”

कोट त्याला आखूड होत होता. मनगटं बाहेर ठेवून तो गेला.

तो गेल्यावर साहेबांनी त्याच्या वायरलेसचा आवाज कमी केला. समारंभात खरखर नको म्हणाले.

मग ते माझ्याकडे वळले. लाल आता बोटभर नव्हतं, वीतभर झालं होतं.

“टिपणीस, फाट्यावरच्या पाटीवर काय आहे?”

“‘कोंडी आहे / पर्यायी मार्ग / वापरा.’”

“किती वळतायत?”

फाट्यावर कॅमेरा होता, मोजायच्या ताराही होत्या. “शंभरातले तीन.”

“तीन?”

“त्यातला एक रस्ता चुकलेला असावा.”

“चाळीस टक्के वळले तर नवा घाट मोकळा होईल, असं आपल्याच अहवालात लिहिलंय. यंत्रणा म्हणजे हेच ना? गर्दी इकडची तिकडे करायची?” त्यांनी चष्मा काढला. “तुम्ही लेखक आहात म्हणे. वळवा.”

आता याला काय म्हणावं? सात वर्षं ज्या माणसाने माझा एक विनोद पाटीवर जाऊ दिला नव्हता, ‘वेग आवरा, यम रजेवर नाही’ हे वाक्य लाल शाईने खोडलं होतं, तो मला सांगत होता, वळवा. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. खोटं कशाला बोलू.

मी विचार केला. आपल्या माणसाला ‘वळा’ म्हटलं की तो विचारतो, का म्हणून? ‘पर्यायी मार्ग वापरा’ म्हटलं की त्याला वाटतं, सरकार आपल्याला लांबून पाठवतंय आणि हा जवळचा रस्ता कुणासाठी तरी राखून ठेवलाय. त्याला हुकूम नको असतो, त्याला बातमी लागते. आपल्या आधी कुणीतरी काहीतरी साधून गेलं, ही बातमी.

मी तीन शब्द टाइप केले. एकेका ओळीत एक.

शहाणे
डावीकडे
गेले

एक अडतीसला पाटी पेटली.

पहिली एक पांढरी मोटार फाट्यावर घुटमळली. मागच्याने हॉर्न दिला. पांढरी डावीकडे गेली. मागचाही तिच्यामागे गेला, त्याच्यामागे एक मिनीबस, मग एक संबंध लग्नाचं वऱ्हाड. शंभरात तीनचे अकरा झाले, अकराचे चौतीस. दहा मिनिटांनी एकसष्ट. कक्षातली पोरं टाळ्या पिटायला लागली. कुणीतरी म्हणालं, “काका, नोबेल!” पडद्यावर लाल आकसत गेलं, पिवळं झालं, आणि पिवळ्याच्या कडेने हिरवं चढू लागलं. एवढा वाचकवर्ग मला आयुष्यात मिळाला नव्हता. मिनिटाला बेचाळीस वाचक, आणि प्रत्येक जण मी लिहिलेलं अक्षरशः अमलात आणत होता.

त्यातला एकही वाचक पडद्यावर करड्या रंगात गेल्यावर दिसत नव्हता. तिथे मोजायला काही नव्हतंच. गाडी डावीकडे वळली की आमच्या दृष्टीने ती सुखरूप पोचली.

मी हरेशच्या टेबलाकडे एकदाही पाहिलं नाही, असं नाही. एकदा पाहिलं. वायरलेसचा हिरवा दिवा लुकलुकत होता. मला वाटलं, कुणीतरी क्रेनबद्दल बोलत असेल.

दोन वाजून पाच मिनिटांनी मंत्री आले. ठेंगणे, हसरे, कपाळाला गुलाल. मागे वार्ताहर, त्यांच्या मागे कॅमेरे, सगळ्यांच्या मागे आखूड कोटातला हरेश. तो सरळ आपल्या टेबलाशी गेला आणि त्याने वायरलेसचा आवाज वाढवला.

“…कंट्रोल, कुणी ऐकतंय का? कंट्रोल! खालनं गाड्या येतायत, लय गाड्या. दोन्ही बाजूंनी भरलाय रस्ता. एक पण मागं सरत नाय. हरेश, अरे कुठं मेलास? दादा आत आहे माझ्या. पंधरा मिनिटं झाली बोंबलतोय.”

हरेशने पडद्याकडे पाहिलं. मग फाट्यावरच्या कॅमेऱ्याकडे, तिथे डावीकडे वळणाऱ्या ओळीकडे. मग माझ्या टेबलावरच्या पाटीच्या नमुन्याकडे. त्याने ते तीन शब्द वाचले. वाचायला असा काय वेळ लागतो? पण त्याला लागला.

तो माझ्या मागे येऊन वाकला. “काका, पाटी काढा.”

“हो.”

“आत्ता काढा. रुग्णवाहिका खाली येतेय, समोरून सगळे वर येतायत. तिला जागाच नाही.”

“हो रे, काढतो…”

“हे कुणाचं डोकं?” मंत्री विचारत होते. ते कॅमेऱ्याच्या चित्रासमोर उभे होते आणि पोट धरून हसत होते. “शहाणे डावीकडे गेले! वा! अहो, लोकांना वळवायला आम्हाला पाच वर्षं लागतात, आणि हे तीन शब्दांत वळवतायत. कोण आहेत?”

“आमचे टिपणीस,” साहेब म्हणाले. आमचे. सात वर्षांत पहिल्यांदा.

मी उभा राहिलो. मंत्र्यांनी माझा हात हातात घेतला. त्यांचा हात ऊबदार होता, गुलाल माझ्या बोटांना लागला. “लेखक दिसता.”

“थोडंफार लिहितो.”

“काका,” हरेश मागून म्हणाला. हळू. अगदी हळू.

“साहेब,” एक कॅमेरावाला म्हणाला, “पाटी पेटतानाचं मिळालं असतं तर बरं झालं असतं. नुसती लागलेली दिसतेय.”

“मग त्यात काय! पुन्हा लावून दाखवतील की. दाखवा हो, टिपणीस.”

मी बसलो. पाटी पुसायची कळ माझ्या उजव्या हाताशी होती. मला ती पुसायचीच होती, आणि आता तर हुकूमच मिळाला होता. मी कळ दाबली. पाटी कोरी झाली. फाट्यावर एक मोटार घुटमळली आणि उजवीकडे गेली. तिच्यामागची पण उजवीकडे गेली. माझ्या मानेवर हरेशचा सुटलेला श्वास आला.

“हां, आता लावा,” कॅमेरावाला म्हणाला. “रेडी.”

आठ सेकंद पाटी कोरी होती. नंतर मी नोंदीत पाहिलं, आठच.

मी पुन्हा लावली.

टाळ्या झाल्या. मंत्र्यांनी मला शेजारी उभं करून फोटो काढला. मी हसलो आहे त्यात. दात दिसतायत.

हरेशने काही ओरडाआरडा केला असेल असं तुम्हाला वाटेल. नाही केला. त्याने निळा कोट काढला, खुर्चीच्या पाठीला नीट अडकवला आणि बाहेर गेला. त्याची मोटरसायकल सुरू झालेली ऐकू आली.

पाटी मी काढली दोन वाजून वीस मिनिटांनी, मंत्री जेवायला गेल्यावर. हरेशने सांगितलं तेव्हा दोन वाजून नऊ मिनिटं झाली होती. मधली अकरा माझी. अकरा मिनिटं, मिनिटाला बेचाळीस गाड्या, त्यातून ती आठ सेकंदं वजा करा. हा हिशोब मी इतक्यांदा केलाय की आता तो झोपेतही बरोबर येतो. तेवढ्या गाड्या नसत्या तर रुग्णवाहिका खाली आली असती का? आधीच तिथे हजार गाड्या शिरल्या होत्या. अभियंत्यांना मी विचारलं. एक म्हणाला, नाही. एक म्हणाला, सांगता येत नाही. दुसऱ्याशी मी नंतर बोललो नाही.

पुढचं मला इस्माईलने सांगितलं.

रुग्णवाहिका टपरीपासून दीड किलोमीटर खाली आली आणि दुसऱ्या वळणावर गाड्यांना भिडली. आपल्याकडे रांग थांबली की शेजारी दुसरी रांग लागते. शहाण्यांची तिसरीही लागली. डोंगराच्या बाजूला गटारापर्यंत, दरीच्या बाजूला कठड्यापर्यंत. इस्माईल सायरन वाजवत होता, समोरचे हात जोडून दाखवत होते की मागे जागा नाही. खोटं नव्हतं. जागा नव्हतीच कुणाला.

लोक वाईट नव्हते. हेही इस्माईलनेच सांगितलं. वऱ्हाडातल्या पोरांनी उतरून गाड्या उचलून बाजूला ठेवायचा प्रयत्न केला, तीन ठेवल्यासुद्धा. अडकलेल्यांत चार डॉक्टर निघाले. इतके डॉक्टर त्या घाटात एका वेळी कधी जमले नव्हते. त्यातला एक कानाचा होता, त्यानेच शेवटपर्यंत दादाची छाती दाबली. स्ट्रेचरवरून चालत न्यावं का, यावर चौघांची चर्चा झाली. नेलं. आठ माणसांनी खांद्यावर घेतलं, बॉनेटांवरून, दरवाज्यांमधून. सातशे पावलं गेले असतील. समोरून हरेश पळत येत होता, मोटरसायकल त्याने खालीच टाकली होती. त्याने एका माणसाच्या जागी खांदा दिला.

कानाचा डॉक्टर म्हणाला, “आता सावकाश चला.”

घाट रात्री नऊला मोकळा झाला. वर अडकलेल्या लोकांनी तोवर दादाच्या उघड्या टपरीत शिरून स्वतःच स्टो पेटवला, चहा केला, लहान पोरांना भिजवलेल्या पिठाची भजी तळून दिली. जाताना पेले विसळून फळीवर पालथे घालून गेले.

त्या दिवसाचा अहवाल पंधरा दिवसांनी आला. नव्या घाटातली कोंडी एकाहत्तर टक्क्यांनी कमी. सरासरी खोळंबा एकोणीस मिनिटं. कुठल्याशा परिषदेत तो वाचला गेला, आणि त्यात ‘संदेशाच्या भाषेचा परिणाम’ असं एक पान माझ्यावर होतं. अहवालात खोटं असं एक अक्षर नव्हतं. जुना घाट त्यात नव्हता, कारण तिथली आकडेवारी उपलब्ध नव्हती. कंपनीने मला प्रशस्तिपत्र दिलं, काचेच्या चौकटीत. ते घ्यायला मी गेलो.

हरेश बाराव्या-तेराव्यानंतर कामावर आला. शेजारच्याच टेबलावर. कोट अजून खुर्चीला होता, तो त्याने शिपायाला दिला. माझ्याशी तो आधीसारखाच बोलायचा. काका, ट्रक बंद पडलाय, चौतिसाव्या किलोमीटरला, पाटी लावा. मी लावायचो. पुढे अपघात, वेग कमी, ठेवा. पुन्हा मी कधी त्याहून वेगळं लिहिलं नाही, आणि कुणी लिहायला सांगितलंही नाही.

महिन्याने मी म्हणालो, “वहिनींना भेटायला येऊ का?”

तो पडद्यावरून नजर न काढता म्हणाला, “या की.”

टपरी चालू होती. शेवंतावहिनी पिठात कांदा कालवत होत्या. रस्त्यावर कुणी नव्हतं, फक्त ते कुत्रं. वहिनींनी हात पुसले, मला बाकावर बसवलं आणि चहा ठेवला. मी काय बोलायचं ते घरून ठरवून आलो होतो. तीन ओळींत बसेल इतकंच होतं.

वहिनींनीच सुरुवात केली.

“त्यांना लय त्रास नाही झाला, साहेब. घाम व्हता, पण बोलत व्हते. गाडी थांबली तेव्हा म्हणाले, मला जरा बसतं कर. मी बसतं केलं. काचंतून बघितलं त्यांनी. ह्या गाड्या, ह्या गाड्या, खालपर्यंत. असं कधी बघितलं नव्हतं आम्ही, एसट्यांच्या दिवसांत पण नाही.”

त्यांनी चहा गाळला.

“तर हसायला लागले. मी म्हटलं, हसताय काय? म्हणाले, टिपणीससाहेबांनी शब्द पाळला बघ. दारात रांग लावली.” वहिनींनी पेला माझ्यापुढे ठेवला. “म्हणाले, तू इथं काय बसलीस, घरी जा, कढई ठेव. गिऱ्हाईक आलंय.”

हरेश दाराशी उभा होता, सरपणाची मोळी हातात. मोळी त्याने खाली ठेवली नाही.

“ते शेवटचं बोलले,” वहिनी म्हणाल्या. मग माझ्याकडे सरळ पाहून विचारलं, “खरंच तुम्ही पाठवल्या व्हत्या का हो त्या गाड्या?”

मी तोंड उघडलं.

“नाही वहिनी,” हरेश म्हणाला. “ती यंत्रणा असते. गाड्या किती आल्या ते बघते आणि आपली आपण वळवते. माणूस नाही करत ते.”

“असं व्हय,” वहिनी म्हणाल्या. जरा हिरमुसल्या. “त्यांना आपलं वाटलं, ओळखीच्या माणसानं पाठवल्या.”

मी चहा प्यायलो. भजी दिली, तीही खाल्ली. गरम होती.

निघालो तेव्हा हरेश रस्त्यापर्यंत आला. मी स्कूटर सुरू केली, बंद केली. म्हणालो, “हरेश, मी…”

त्याने वळणाच्या वर पाहिलं, मग खाली पाहिलं, नाक्यावरचा पोलीस पाहतो तसं, दोन्ही बाजूंना नीट.

“जा काका,” तो म्हणाला. “जुना घाट मोकळा आहे. काळजी करू नका.”